कडेने चालणारा

ज्या गाडीत हे घडलं ती गाडी निघण्याआधी काकूंनी स्वतः तपासली होती, हे आधी सांगितलेलं बरं. कारण नंतर ज्याने त्याने गाडीलाच बोल लावला. चाकांतली हवा, इंजिनातलं तेल, ब्रेक, वायपरची रबरं, स्टेपनी... सगळं त्यांनी उकिडवं बसून, हाताने चाचपून पाहिलं होतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. गावातली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या बसमध्ये बसून मोठी झाली होती आणि अजूनही रस्त्यात भेटली की ‘बसकाकू’ म्हणूनच हाक मारायची. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. काकूंना त्याचा गर्व नव्हता. कुणी विसरलं तर त्या आठवण करून देत, एवढंच.

त्यांचे यजमान मोजणी खात्यात होते. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. देशाच्या आरपार जाणारा जो मोठा रस्ता आहे, उगवतीच्या समुद्रापासून मावळतीच्या समुद्रापर्यंत, त्याचे कितीतरी तुकडे त्यांनी उन्हातान्हात उभं राहून मोजले होते. पण तुकडेच. सलग तो रस्ता त्यांनी कधी पाहिला नाही, आणि मावळतीचा समुद्र तर नाहीच. निवृत्त झाल्यावर जाऊ, म्हणायचे. निवृत्त झाले, आणि डोळे गेले.

गेले म्हणजे पूर्ण नाही. मधलं गेलं. समोर बघितलं की बरोब्बर मध्यावर एक राखाडी भोक, आणि त्याच्या भोवताली उरलेलं जग. कपाचा कान दिसायचा, कप नाही. काकूंचा पदर दिसायचा, चेहरा नाही. काही नीट बघायचं तर मान वाकडी करून, कोंबड्यासारखं तिरपं बघावं लागे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “कडा अजून वर्षभर साथ देतील. पुढचं सांगता येत नाही. आणि एक गोष्ट... अशा पेशंटना कधी कधी नसलेली माणसं दिसतात. हे वेड नव्हे. मेंदूला रिकामी जागा सोसवत नाही, तो ती भरून काढतो. ही माणसं बोलत नाहीत, आवाज करत नाहीत. नुसती असतात. घाबरायचं नाही.”

दोघं घरी परतली. काकूंनी जिना चढता चढता सांगून टाकलं, “या उन्हाळ्यात निघायचं.”

“कुठे?”

“या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. वर्षभर आहे ना हातात? मग?”

मुलीने फोनवर खूप समजावलं. तुमची वयं काय, ऊन काय, मधलं पठार म्हणजे दोनदोनशे किलोमीटर माणूस दिसत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गाडी मी चालवणार आहे. ते नुसते बसणार आहेत. बसायला वय लागत नाही.” पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

पहिले आठ दिवस फार सुखाचे गेले. उगवतीच्या समुद्रावर सूर्य वर येताना त्यांनी पाहिला आणि गाडीचं तोंड मावळतीकडे केलं. साहेबांना रस्ता पाठ होता. डोळे मिटून सांगायचे, “आता चढ लागेल. चढ संपला की डावीकडे खाण.” आणि खाण यायची. कधी चुकलं तर म्हणायचे, “मी मोजली तेव्हा इथेच होती, कुणीतरी हलवलेली दिसते.” काकू हसायच्या. दुपारी कुठल्यातरी झाडाखाली डबा उघडायचा, संध्याकाळी उजेड असतानाच एखाद्या लॉजवर टेकायचं. इतकं बोलणं त्यांचं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही झालं नसेल.

नवव्या दिवशी पठार लागलं.

झाड नाही, घर नाही, तारेचं कुंपणसुद्धा नाही. पिवळी करपलेली जमीन, वर पांढरं पडलेलं आभाळ, आणि मधून सरळ काळी रेघ ओढल्यासारखा रस्ता. दुपारचे बारा वाजले होते. डांबर मऊ पडून चाकांना चिकटत होतं, त्याचा चरचर असा एकसुरी आवाज गाडीत भरून राहिला होता.

“कुणीतरी चालतंय गं,” साहेब म्हणाले.

“कुठे?”

“माझ्या बाजूला. रस्त्याच्या कडेने.”

काकूंनी नजर टाकली. कुणी नव्हतं. “आले का तुमचे लोक?” त्या हसून म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते?”

“तेच असणार.” साहेबांनाही गंमत वाटली. “पायात काही नाही त्याच्या. बूट हातात धरलेत. एवढ्या उन्हात...”

“तोंड कसं आहे?”

“तोंड पलीकडे आहे.”

पाचेक मिनिटं गेली. गाडी ऐंशीच्या वेगाने चालली होती.

“अजून आहे का हो?”

“आहे.”

“मागे नाही पडला?”

साहेबांनी मान आणखी तिरपी केली. “नाही. सावकाश चालतोय. पण मागे नाही पडत.”

त्यांनी त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. ठेवायला नको होतं, असं काकू नंतर म्हणायच्या. नाव नसतं ठेवलं तर कदाचित तो रस्त्यावरच राहिला असता.

दहाव्या दिवशी पाहुणा जवळ आला होता. आधी कडेच्या मातीतून चालायचा, आता डांबरावरून, गाडीपासून हातभर. साहेब वरचेवर त्याच्याविषयी बोलायला लागले. आज दमलाय. आज लंगडतोय. बोलताना मान वाकडी करून काचेबाहेर बघत बसायचे; काकूंनी खाण, चढ, पूल काहीही विचारलं तर “हं” एवढंच म्हणायचे. काकूंना ते आवडलं नाही. बसमध्ये एखादं पोर असं खिडकीबाहेर टक लावून बसलं की त्या त्याला मुद्दाम पुढच्या सीटवर बोलावून घ्यायच्या. नवऱ्याला कुठल्या सीटवर बोलावणार? तो पुढेच तर बसला होता.

अकराव्या दिवशी भर दुपारी इंजिन तापलं. काकूंनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि निवायची वाट बघत उभ्या राहिल्या. वारा पडलेला. आवाज म्हणून कुठलाच नव्हता. तापलेला पत्रा मधूनच टक्... टक्... करत होता, तेवढाच. मग मागून दार उघडल्याचा आवाज आला.

त्या वळल्या. साहेब गाडीबाहेर उभे होते आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं होतं. अगदी अदबीने, एखाद्या मोठ्या माणसासाठी धरावं तसं.

“अहो, काय करताय?”

“त्याने विचारलं,” साहेब म्हणाले. “म्हणाला, बसू का.”

काकू दोन पावलं पुढे झाल्या. “ते बोलत नाहीत... डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, बोलत नाहीत म्हणून?”

“पाय भाजलेत गं त्याचे.” आणि साहेबांनी दार लावून घेतलं.

काकूंनी बॉनेट पाडलं, गाडीत बसल्या, किल्ली फिरवली. समोर लाल दिवा लागला आणि टुंग... टुंग... टुंग... असा बारीक आवाज सुरू झाला. मागच्या सीटवर कुणी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

त्यांनी मागे बघितलं. सीट रिकामी. पिशव्या डिकीत होत्या. सीटवर एक वर्तमानपत्रसुद्धा नव्हतं. पण वास होता. ओल्या डांबराचा, आणि त्याखाली बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा.

टुंग... टुंग...

एकतीस वर्षांची सवय वाईट असते. काकू वळल्या, हात लांब करून मागचा पट्टा ओढला आणि खटकन् अडकवला. आवाज थांबला. पट्टा मात्र सीटला टेकला नाही. पाठीपासून वीतभर अंतरावर, हवेतच ताणलेला राहिला. मधूनमधून जरासा वर यायचा, जरासा खाली जायचा... श्वास घेतल्यासारखा.

काकू किंचाळल्या नाहीत. मागचं गाव एकशे साठ किलोमीटरवर राहिलं होतं, पुढचं त्याहून लांब, आणि गाडी बंद करून त्या रणात उभं राहणं त्याहून वाईट. त्यांनी आरसा वर फिरवला, म्हणजे मागचं दिसणार नाही, आणि गाडी काढली.

अर्ध्या तासाने साहेब एकदम म्हणाले, “पुढे पेट्रोल पंप. अठ्ठेचाळीस किलोमीटर.”

“कशावरून?”

“पाटी होती की.”

काकूंनीही ती पाटी पाहिली होती. अठ्ठेचाळीसच होते. साहेबांनी चार वर्षांत एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

“अगं, मला दिसतंय...” त्यांनी आपले तळहात डोळ्यांपुढे धरले, उलटसुलट केले. गाडीच्या काट्यांचे आकडे मोठ्याने वाचले. मग मान वाकडी न करता, सरळ, काकूंकडे पाहिलं. “केवढे पांढरे झाले गं तुझे केस. आणि हा कपाळावरचा डाग कधीचा?”

“तीन वर्षं झाली.” काकू म्हणाल्या. त्या डोळे पुसून हसल्या, पुन्हा पुसले. रस्ता जरा पुसट दिसत होता. पाणी आलं असेल म्हणून तिसऱ्यांदा पुसले.

पुसट जागा तशीच राहिली. बरोब्बर मध्यावर. आधी नाण्याएवढी होती, अर्ध्या तासात तळहाताएवढी झाली. उन्हाची झळ दिसते तसं असेल असं त्यांनी मनाला सांगितलं. काळ्या रस्त्याच्या टोकाला राखाडी भोक पडलं होतं आणि रस्ता त्यात शिरत होता.

त्या भोकातून एकाएकी ट्रक बाहेर आला.

काकूंच्या हातांनी जे करायचं ते आपोआप केलं. गाडी डावीकडे उतरली, दगडांवरून खडखडत गेली, आणि धुळीच्या ढगात थांबली. ट्रकचा भोंगा लांबत लांबत गेला. मागचं एक चाक फुटलं होतं. धूळ बसली तेव्हा समोर, शंभर पावलांवर, पेट्रोल पंप होता. काकूंना पंपाची दोन टोकं दिसत होती. मधला पंप दिसत नव्हता.

पंप चालवणारी बाई चाळिशीची, हसतमुख आणि एकटी होती. पंधरा दिवसांनी बदलीवर माणूस यायचा, तोवर पंप, पंक्चरचं काम आणि मागची एक खोली असा तिचा संसार. तिने पाणी दिलं, गाडी हळूहळू पंपाच्या भिंतीपाशी आणवली, जॅक आणला, आणि चाक खोलता खोलता म्हणाली, “काकू, तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. पुढे दोनशे किलोमीटर काहीच नाही. इथून गेलेल्या प्रत्येकाला मी संध्याकाळी फोन करते. पोहोचलं माणूस, की मला झोप लागते.”

नंबर देऊन काकू साहेबांना पंपाच्या भिंतीआड सावलीत घेऊन गेल्या. तिथे एक लाकडी बाक होता, पण दोघं उभीच राहिली.

“त्याला उतरवायचं,” काकू म्हणाल्या.

“दोन दिवस,” साहेब म्हणाले. “दोनच दिवस गं. समुद्र दिसला की उतरवू. मला एकदा सरळ बघायचाय. कडेकडेने नाही.”

“आणि गाडी कोण चालवणार?”

“म्हणजे?”

“माझ्यासमोर उभे राहा. हं. मला तुमचे कान दिसतात. गळ्याचं बटण दिसतं. चेहरा नाही दिसत.”

साहेब एक पाऊल जवळ आले. मग त्यांनी तीन बोटं काकूंच्या नाकासमोर धरली. “किती?”

“धरलीत का? मला कळलं नाही.”

त्यांचा हात खाली आला. काकूंनी नंतर सांगितलं, की त्यांच्या सगळ्या संसारात तो एक क्षण होता जेव्हा त्यांना नवऱ्याचा चेहरा बघायचा होता, आणि नेमका तेव्हाच तो दिसला नाही. आवाज तेवढा ऐकू आला. “चल,” साहेब म्हणाले. “उतरवू त्याला.”

ते पुढे झाले. त्यांनी मागचं दार उघडलं, तितक्याच अदबीने. “उतरा,” म्हणाले.

पट्टा ताणलेलाच राहिला. साहेबांनी मान आत घातली, ऐकलं, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. “तो म्हणतो... त्याने कुणाचं काही घेतलेलं नाही. तुमच्यातलंच इकडचं तिकडे केलं, म्हणतो. घरातल्या घरात.”

“बाजूला व्हा,” काकू म्हणाल्या.

गाडीचं दार त्यांना कडेकडेने दिसत होतं. मध्ये राखाडी भोक होतं, आणि त्या भोकात, पहिल्यांदाच, कुणीतरी बसलेलं होतं. तोंड पलीकडे. मांडीवर बूट. काकूंचा आवाज लटपटला नाही. तो आवाज साठ पोरांच्या गोंगाटावरून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता.

“खाली उतर. या गाडीत कोण बसणार ते मी ठरवते. यांचं गेलंय ते यांचं गेलंय. माझ्यातलं काढून द्यायचं असेल तर मी देईन, माझ्या हाताने. तू कोण? उतर म्हणते ना!”

काही नाही. पठारावरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि गेली. मग खट् असा आवाज झाला. पट्टा सुटून सळकन् आत गेला. तो डांबराचा वास काकूंच्या अगदी अंगावरून, गालाला चाटून गेल्यासारखा, भिंतीकडे सरकला, आणि सावलीतला तो लाकडी बाक करकरला.

साहेब गाडीला धरून उभे होते. त्यांनी मान वाकडी केली. “बसलाय,” पुटपुटले. “बाकावर...” काकूंना त्यांचा चेहरा आता लख्ख दिसत होता. त्यावरून काहीतरी निघून गेलं होतं ते दिसत होतं.

पंपवाली पंक्चरच्या शेडमधून हात पुसत आली. “झालं चाक. चहा टाकू का, काकू?”

“नको,” काकू म्हणाल्या. “निघतो आम्ही.”

इथे त्यांनी तिला सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? तुझ्या बाकावर जे बसलंय त्याच्याशी बोलू नकोस? एकट्या राहणाऱ्या बाईला? काकूंनी गाडी काढली, आणि वर फिरवलेला आरसा सरळ केला नाही.

संध्याकाळी त्या पुढच्या गावात पोहोचल्या तोच फोन वाजला.

“पोहोचलात ना नीट? बरं झालं,” पंपवाली म्हणाली. “आणि काकू... तुमच्याबरोबरचे ते गृहस्थ इथेच राहिलेत की. गाडीतून उतरताना बघितलं मी त्यांना. मला वाटलं पाय मोकळे करतायत. न्यायला कधी येताय?”

काकूंनी फोन कानाशी घट्ट धरला. “ते आमचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याशी बोलू नकोस. ऐकतेस ना? त्यांनी काही विचारलं तर नाही म्हण.”

“बिचारे काही विचारत नाहीत हो,” पंपवाली हसली. मग रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावळतीचा समुद्र आला. दोघं वाळूत बसली. सूर्य पाण्यात उतरायला लागला तेव्हा साहेबांनी मान वाकडी केली, अजून थोडी वाकडी केली, आणि एका कोपऱ्यातून तो धरला. काकू एकेक रंग सांगत होत्या. ते म्हणाले, “सांगू नकोस. दिसतोय मला.” मग बऱ्याच वेळाने, “पुरे एवढा.”

चार दिवस ते तिथे राहिले. परतीला उत्तरेकडच्या रस्त्याने, पठार टाळून जायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी रात्री पुन्हा फोन.

“काकू, एक विचारू? निघताना काका मान वाकडी करून बघत होते ना, तो डोळ्यांचा आजार... लागट असतो का हो?”

काकू उठून बसल्या. “का गं?”

“मला मीटरचे आकडे दिसेनासे झालेत. मधलंच दिसत नाही. मान वाकडी केली की दिसतं, काका करत होते तशी.”

“तो माणूस अजून आहे तिथे?”

“आहेत की. आता खोलीत असतात. ऊन फार म्हणून मीच म्हटलं, आत बसा.”

फोन ठेवून काकू जराही थांबल्या नाहीत. पिशव्या भरायला लागल्या. साहेबांनी दाराच्या चौकटीत उभं राहून विचारलं, “त्याला पुन्हा गाडीत घेणार आपण?”

“त्याला नाही. तिला,” काकू म्हणाल्या. “माझ्या गाडीतून उतरवलेलं मी तिच्या दारात ठेवून आले. मोठी शहाणी. आता तिला तिथून काढायचं आणि डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. तुम्हाला भीती वाटत असेल तर इथे थांबा.”

“भीती वाटतेच आहे,” साहेब म्हणाले. “म्हणून तर बरोबर येतो.”

पहाटेच निघाले. वाटेत काकूंनी गाडी कुठे थांबवली नाही. पठार लागलं तसं काकूंनी एकदाच विचारलं, “कडेला कुणी?” साहेब म्हणाले, “कुणी नाही. अगदी कुणी नाही.” आणि त्या रिकाम्या कडेचंच दोघांना जास्त भय वाटलं.

दुपारी साडेबाराला पंप आला. पंपवाली भिंतीला हात लावत, मान तिरपी करून बाहेर आली. गाडीच्या आवाजाकडे चेहरा करून ती हसली. “पुन्हा आलात? काही राहिलं का?”

“पुन्हा म्हणजे?”

“सकाळी येऊन नेलंत ना त्यांना. आता लगेच परत, म्हणून विचारलं.”

काकूंनी साहेबांचा हात धरला. “आम्ही आत्ता येतोय, पोरी. पहिल्यांदाच येतोय.”

“असं कसं? उजाडतानाच आलात. काका पुढे बसले होते. तुम्ही स्वतः खोलीत आलात, त्यांचा हात धरून गाडीत बसवलंत.” ती गोंधळली होती. “आता चेहरे दिसत नाहीत मला, काकू, खोटं कशाला सांगू. पण आवाज कळतो ना. आवाज तुमचाच होता.”

खोलीत जाऊन काकूंनी पाहिलं. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर टांगलेली किल्ल्यांची जुडी. खोली रिकामी होती. तो वाससुद्धा नव्हता. असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

“तो गेला आणि हिचे डोळे परत नाही आले,” साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “तुझे आले होते.”

“या वेळी बरोबर घेऊन गेलाय,” काकू म्हणाल्या.

त्यांनी पंपाच्या मालकाला फोन लावला, बाई आजारी आहे, मी तिला दवाखान्यात नेतेय, असं विचारण्याच्या नव्हे, सांगण्याच्या सुरात सांगितलं. पंपाला कुलूप घातलं. पंपवालीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावला, आणि तो तिच्या अंगाला नीट टेकलाय ना, ते दोनदा बघितलं. मग गाडी उगवतीकडे वळवली. घराकडे. अकरा दिवसांचा रस्ता होता. काकूंनी मनाशी ठरवलं, सहा दिवसांत कापायचा.

सरळ काळा रस्ता, पांढरं आभाळ, चाकांची चरचर.

“ते कुठल्या बाजूला गेले गं?” काकूंनी शेवटी विचारलं. “सकाळी?”

“याच बाजूला,” मागून पंपवाली म्हणाली. “मी चहाचंसुद्धा विचारलं. थांबा जरा म्हटलं, एवढी कसली घाई? तर तुम्ही... म्हणजे त्या म्हणाल्या...” ती अडखळली. “तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, काकू.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘घाई आहे. त्या दोघांच्या आधी घरी पोहोचायचंय.’”

काकूंनी गिअर बदलला आणि पाय खाली दाबला.